तेरा तासांचा बॅकअप

२२ फेब्रुवारी, शनिवार

आज सकाळी सात ते अकरा या चार तासांत मला सतरा फोन आले. मोजले मी. कंपनीत कुठेही काही अडलं की दीपिका मेहेरच्या नावाने शंख केला म्हणजे झालं, असं सगळ्यांना वाटतं. "स्क्रीन नुसती फिरतेय." "आकडा बदलत नाही." "मॅडम, कम्प्युटर झोपलाय की तुम्ही झोपलाय?" हा शेवटचा प्रश्न पॅकिंगच्या सुपरवायझरचा. त्याला काय बोलायचं होतं ते सगळं तोंडात आलं होतं, गिळलं. ऑफिसात ओरडता येत नाही आणि घरी आई, म्हणजे माई, ओरडू देत नाही, कारण तिथे तीच ओरडत असते. म्हणून बोईसर स्टेशनबाहेरून ही वही घेतली. इथे मला कोण अडवतंय बघू.

तर झालं काय. आमची कंपनी औषधांचा कच्चा माल बनवते आणि आमची सुट्टी शुक्रवारी. गुरुवारी संध्याकाळी सहाला बॅकअप सुरू होतो, म्हणजे आठवड्याभराची सगळी नोंद नेटवर्कवरून येऊन टेपवर उतरते. शनिवारी सातच्या पाळीआधी हे संपायला हवं. ते लागतं एक्केचाळीस तास. मग शनिवारी अकरापर्यंत बॅकअपही त्याच तारेवरून चाललाय आणि प्लांटचं कामही. स्क्रीन रांगणार नाही तर काय?

धड फोन फक्त एकाचा होता. रिॲक्टर तीनचा ऑपरेटर, जिवल्या वरठा. "म्याडम, स्क्रीन हालत नाय. मी वर जाऊन डायल बगून लिवतो. तुमी घाई करू नका." दर अर्ध्या तासाला दोन जिने चढून वर गेला हा माणूस. बाकीच्यांनी काय केलं असेल ते मला माहीत आहे. खाली बसून अंदाजे ठोकलं असेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

इंद्रजीत सर आमच्या आयटी विभागाचे प्रमुख. विभाग म्हणजे ते आणि मी. त्यांना म्हटलं, नवीन यंत्र घ्या. ते म्हणाले, "यंत्र जूनमध्ये बदलायचंच आहे. तोवर सेटिंग बघ जरा, बफर वगैरे." जरा! जशी काही मी पाच वर्षं इथे नखं रंगवत बसले आहे.

रागाच्या भरात दिवसभर माहितीपुस्तिका वाचली. आणि कबूल करते, वहीतच करते, की बफरच्या सेटिंगला इथे कोणी कधी हातच लावलेला नाही. मीही नाही. बफर म्हणजे मधली जागा: नेटवर्कवरून आलेला माल आधी तिथे जमतो, मग टेपवर उतरतो. जागा कमी पडली की टेपला माल वेळेवर मिळत नाही. ती थांबते, मागे सरकते, पुन्हा धावते, पुन्हा थांबते. आमच्याकडे असे बफर सोळा, तेही चिमुकले. एवढ्या मोठ्या कंपनीला सोळा! ज्या व्हेंडरने हे बसवलं तो पैसे घेऊन गेला आणि शिव्या मी खातेय.

१ मार्च, शनिवार

नेटवर्कचा बफर वाढवला. एक्केचाळीसचे अडतीस झाले. फोन बारा. इंद्रजीत सर म्हणाले, "सुधारणा आहे." त्यांची ही वाक्यं ऐकून माझं डोकं फिरतं.

६ मार्च, गुरुवार

माईला कोणी काही सांगितलं तरी ती मासळीबाजारातच जाऊन पोचते. रात्री जेवताना तिने विचारलं, असं काय काम आहे की तोंड वाकडं करून जेवतेस. मी सांगितलं. म्हटलं, समज होडीतून मासळी उतरवून बाजारात न्यायची आहे. न्यायला बायका सोळा आणि पाट्या लहान.

"मंग बाया वाडव," माई म्हणाली.

"तेच करतेय. सोळाच्या चौसष्ट. आणि पुढे पाटीच मोठी करायची."

"पाटी केवडी भरायची ते तिकडं उतरवून घेनारीला इचार. भरनारा काय, भरतच जातो."

मी म्हटलं, इथे कोणी उतरवून घेत नाही, टेप आहे ती. माईला वाटतं जगात जे काही हलतं ते बोंबील असतं. सातपाटीत सत्तावन्न वर्षं काढली की असंच होत असावं.

८ मार्च, शनिवार

अडतीसचे चोवीस! शुक्रवारी संध्याकाळी सहाला बॅकअप संपला. आज फोन शून्य. मी दोनदा रिसीव्हर उचलून बघितला, बंद पडलाय की काय म्हणून.

इंद्रजीत सर म्हणाले, "छान. आता पुरे, इथेच थांब." का थांबू? काम वेळेत बसलं म्हणून? मी जीव तोडायचा आणि यांनी "पुरे" म्हणायचं. मला माहीत आहे, वरच्या मीटिंगमध्ये हे आकडे स्वतःच्या नावावर खपवणार. आता मी थांबतच नाही.

१५ मार्च, शनिवार

बफरचा आकार सोळा पट केला. तेरा तास. शुक्रवारी सकाळी सातला, लोक धुळवडीचे रंग खेळायला निघायच्या आत बॅकअप संपलेला. टेप एकदाही थांबली नाही, एका दमात धावली. मी घरून बघत होते, अंगावर काटा आला खरंच.

जिवल्यादादा आज टेबलाशी आला. चाळिशीचा असेल, मनोरकडच्या पाड्यावरून येतो, अकरा वर्षं कायम नोकरीत आहे. त्याच्या पाड्यात कायम झालेला तो एकटाच. म्हणाला, "स्क्रीन आता पलते. पन मी डायल बगतोच." मी म्हटलं, माझ्यावर विश्वास नाही का? तर हसून म्हणाला, "तुमच्यावर हाय. मशिनीवर नाय." आगाऊ आहे, पण आवडतो मला.

२७ मार्च, गुरुवार

एक फॉर्म असतो दर महिन्याला. बॅकअपमधली एखादी फाइल प्लांट दोनच्या यंत्रावर परत काढायची, मूळ फाइलशी ताडून बघायची, "यशस्वी" लिहून सही करायची. ते यंत्र शुक्रवारीच मोकळं असतं आणि शुक्रवारी प्लांट दोनला कुलूप असतं. कोणत्या शहाण्याने हे ठरवलं देव जाणे. म्हणून आमच्याकडे शुक्रवारचे फॉर्म गुरुवारीच भरतात. शिडी तपासणी, आग विझवायच्या नळकांड्यांची तपासणी, पाण्याची टाकी, सगळं. गुरुवारी चार वाजता कँटीनमध्ये गठ्ठा येतो आणि चहाबरोबर सह्या होतात. मीही केली.

इंद्रजीत सरांनी विचारलं, "परत काढून बघितलंस ना? आकार बदललाय म्हणून विचारतो." तोंडावर अविश्वास! मी म्हटलं, "सर, हिरवा टिक आलाय. टेपवर गेलं म्हणजे गेलं." मग त्यांनीही खाली सही केली.

१ मे, गुरुवार

झेंडावंदनाला माझा सत्कार झाला. "एक्केचाळीस तासांवरून तेरा." गुच्छ, प्रमाणपत्र, टाळ्या. इंद्रजीत सरांनी माझंच नाव सांगितलं, स्वतःचं नाही. बरं दिसावं म्हणून असेल. माईने प्रमाणपत्र देव्हाऱ्याजवळ लावलं, सुकवलेल्या कोळंबीच्या डब्याच्या वर.

एप्रिलचा फॉर्म राहिला होता, तोही आज दिला.

२९ मे, गुरुवार

फॉर्म. "यशस्वी." फाइलचं नाव मागच्या महिन्याचंच टाकलं, कोण बघतंय.

२१ जून, शनिवार

नवीन यंत्र आलं, जुनं भाड्याचं होतं ते परत गेलं. व्हेंडरच्या पोराने आपल्या पद्धतीने सेटिंग टाकलंय, बफर मध्यम आकाराचे. नऊ तासांत होतं. माझी सगळी मेहनत एका नव्या डब्याने मोडीत काढली. कोणाला काही वाटलं नाही. मला वाटलं.

९ जुलै, बुधवार

संताप संताप होतोय. जिवल्यादादाला निलंबित केलं!

१७ मेची एक बॅच ग्राहकाने परत पाठवली. त्यांचा तपासनीस आला, त्या दिवसाचं तापमानाचं पत्रक चाळलं. दुपारी तीन ते रात्री नऊ, दर अर्ध्या तासाला एकच आकडा. बहात्तर, बहात्तर, बहात्तर. तपासनीस म्हणाला, "सहा तास एकच आकडा कधीच येत नाही. हे एका जागी बसून भरलंय." झालं. खोट्या नोंदीचं आरोपपत्र, चौकशी, नोकरी जाणार. एचआरचे निमेशभाई मला म्हणतात, "अरे, सब लोग भरते हैं ऐसे, ये पकडा गया." सगळे भरतात म्हणून हाही भरत असेल! स्क्रीन बंद पडल्यावर जिने चढणारा एकच माणूस आहे या प्लांटमध्ये, आणि नेमका त्यालाच धरलं.

रिॲक्टरच्या तापमानाची दर सेकंदाची नोंद कम्प्युटरमध्ये असते. चालू यंत्रात ती पंचेचाळीस दिवस राहते. सतरा मे कधीच पुसला गेला. पण बॅकअप आहे! माझा बॅकअप!

तो फाटकाशी उभा होता, पत्र हातात घडी घालून. मी स्कूटर थांबवली. म्हटलं, "दादा, घाबरू नका. मशिनीत सगळं असतं. मी काढून देते, शनिवारपर्यंत."

"मी बगूनच लिवलंय, म्याडम. आकडाच हालला नाय त्या दिवशी," तो म्हणाला.

१२ जुलै, शनिवार

टेप वाचत नाही.

१४ जुलै, सोमवार

शनिवारी वाटलं टेप खराब असेल. काल, आज, सगळ्या टेप लावून बघितल्या. मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंतची एकही टेप ना नवीन यंत्र वाचतंय ना प्लांट दोनचं, जे हातापाया पडून तासाभरासाठी मोकळं करून घेतलं. संदेश एकच: इतका मोठा ठोकळा वाचता येत नाही. बफर जेवढा मोठा, तेवढाच मोठा ठोकळा टेपवर लिहिला जातो. जुन्या यंत्रात टेप चालवणारं जे कार्ड होतं ते एवढे मोठे ठोकळे लिहू आणि वाचू शकायचं. या दोघांत आहेत त्या कार्डांना तेवढे झेपत नाहीत. माझे सोळा पट बफर! चोवीस तासांवर थांबले असते तर सगळं वाचता आलं असतं. थांबायला तर मला सांगितलंही होतं.

आणि एक फाइल, फक्त एक, प्लांट दोनला नेऊन काढून बघितली असती तर मार्चमध्येच कळलं असतं. मी तीनदा "यशस्वी" लिहिलंय. माझ्या अक्षरात.

आधी व्हेंडरला फोन करून अर्धा तास भांडले. मग माहितीपुस्तिका लिहिणाऱ्याला शिव्या घातल्या. मग पुस्तिका पुन्हा उघडली. तिथे ठळक अक्षरात लिहिलंय की आकार बदलल्यावर परत काढून बघा. पुस्तिका मिटली. शिव्या घालायला आता कोणी उरलं नाही.

१७ जुलै, गुरुवार

इंद्रजीत सरांना सांगितलं. मला वाटलं उखडतील. त्यांनी फॉर्मची फाइल काढून उघडली. मग म्हणाले, "पुढच्या महिन्यात ऑडिट आहे. तपासणीच्या फॉर्मवर तुझी सही आहे, खाली माझीही आहे. शनिवारी चौकशीत विचारलं तर 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' एवढंच सांग. खोटं नाहीये ते."

खोटं नाहीये, हे खरंच आहे. उपलब्ध नाही म्हणजे नाही.

माझी नोकरी गेली तर घर माईच्या सुक्या मासळीवर. मासेमारी बंदीचे दिवस, होड्या किनाऱ्यावर. हे मी कारण म्हणून लिहितेय की निमित्त म्हणून, ते मलाच कळत नाही.

१९ जुलै, शनिवार

चौकशी अधिकारी विश्राम सावे, पालघरचे वकील. पांढरेशुभ्र केस, अगदी हळू बोलतात. टेबलाच्या पलीकडे जिवल्यादादा एकटा. बाजूने बोलायला कोणाला आणलं नव्हतं. मला आत बघून त्याचा चेहरा खुलला.

सावे वकिलांनी विचारलं, "१७ मेची संगणकातली नोंद आहे का?"

मी म्हटलं, "उपलब्ध नाही."

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली. पुढची तारीख सव्वीस, मग अहवाल. मी त्याच्याकडे न बघता बाहेर आले. एका मिनिटात झालं सगळं.

२२ जुलै, मंगळवार

निलंबित माणसाने रोज दहा वाजता फाटकावर येऊन रजिस्टरमध्ये सही करायची असते. आत सोडत नाहीत, पण यायला लावतात. मनोरहून रोज तो येतो आणि सही करून परत जातो. दोन दिवस मी मागच्या फाटकाने जात होते. आज तो मागच्या फाटकाशी उभा होता.

"म्याडम, तुमी बोललेल्या मशिनीत सगळं असतं. मंग शनवारी नाय का बोलल्या?"

मला खोटं बोलता येत होतं. तयारही होतं तोंडात. पण त्याने विचारलं ते भांडण म्हणून नाही, खरंच कळलं नव्हतं म्हणून. मग सांगून टाकलं, स्कूटर चालूच ठेवून.

त्याने नीट ऐकलं. "म्हंजे टेपमदी हाय?"

"आहे. पण वाचता येत नाही."

"आनि वाचता येतं का ते बगायचं काम कोनाचं?"

"माझं."

"बगितलं नाय?"

"नाही."

"पन लिवलं, बगितलं म्हनून?"

"लिहिलं."

त्याने माझ्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे बघितलं. "मी बगून लिवलं, मी फाटकाच्या भायेर. तुमी न बगता लिवलं, तुमी आत." मग बाजूला झाला. "जावा, तुमाला उशीर होल."

मला राग आला. आधी त्याचाच आला, हा कोण मला बोलणारा म्हणून. टेबलापर्यंत पोचेस्तोवर तो राग टिकला. खुर्चीवर बसले आणि मग टिकला नाही. लाज वाटली. इतकी लाज मला दहावीत कॉपी करताना पकडलं तेव्हाही नव्हती वाटली.

२३ जुलै, बुधवार

काल रात्री माईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, पाटीची आठवण करून देईल, उतरवून घेणारीला विचारलं का म्हणेल. तिने तसलं काही काढलंच नाही. सुके बोंबील निवडत राहिली. मग म्हणाली, "त्याच्या घरी कोन कोन हाय?"

मला माहीत नव्हतं. अकरा वर्षांचा कायम माणूस, पाच वर्षं ओळखते त्याला, आणि त्याच्या घरी कोण आहे ते माहीत नाही. कर्मचाऱ्यांच्या रजिस्टरमध्ये बघितलं आज. बायको लाडकी, दोन मुली, म्हातारी आई. शेतीच्या रकान्यात "पावसावरची, दीड एकर" असं लिहिलंय.

२६ जुलै, शनिवार

सावे वकील निकालाचं लिहायच्या बेतात होते. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मला माझा मागचा जबाब बदलायचा आहे."

निमेशभाई म्हणाले, "दीपिका, बैठ जा." मी बसले नाही.

सांगितलं सगळं. बफर किती होते, किती केले, चोवीस तासांवर काम भागत असताना तेरासाठी का धावले, टेपवर नोंद आहे पण वाचायचं कार्ड नाही, आणि ते वेळेत का कळलं नाही. तीन फॉर्म टेबलावर ठेवले. "यावरची 'यशस्वी' ही नोंद खोटी आहे. मी फाइल परत काढून बघितली नव्हती. एकदाही नाही." आवाज चढला माझा, फार चढला. कोणावर चढवत होते कोण जाणे.

सावे वकिलांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही काय लिहून देताय ते कळतंय का तुम्हाला?"

"आज कळतंय. सही केली तेव्हा नव्हतं कळत."

त्यांनी तीन आठवड्यांची मुदत दिली. १६ ऑगस्टला टेप वाचून दाखवायची, नाहीतर आहे त्या कागदांवर निकाल. इंद्रजीत सर खिडकीतून बाहेर बघत होते. जिवल्यादादा माझ्याकडे बघत होता. खुश वगैरे काही नव्हता. माझं पुढचं वाक्य खरं की खोटं, ते जोखत असल्यासारखा.

२ ऑगस्ट, शनिवार

जुनं यंत्र ज्याने परत नेलं त्याने ते सुटं करून विकलं! अख्खं यंत्र, जूनमध्ये! आणि मला फोनवर म्हणतो, "मॅडम, वो तो कब का गया." कुठे गेलं विचारलं तर त्यालाही माहीत नाही. आठ दिवस मुंबई, ठाणे, वसई, सगळीकडे फोन. तसलं कार्ड आता बनतच नाही म्हणे.

८ ऑगस्ट, शुक्रवार

वापीत मिळालं. जुनी यंत्रं खोलून भाग विकणारा एक म्हातारा, त्याच्याकडे तसली दोन कार्डं होती, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. घेऊन आले. आज नारळी पौर्णिमा, सगळी सातपाटी किनाऱ्यावर, आणि मी वापीच्या एका गाळ्यात धूळ झटकत होते. रात्री घरी आले तर माईने नारळाची वडी झाकून ठेवली होती.

आणि एक लिहायलाच हवं. कार्ड बसवायला प्लांट दोनचं कुलूप सुट्टीच्या दिवशी उघडायला इंद्रजीत सर स्वतः आले. चावी त्यांच्याकडे पाच वर्षं होती. म्हणाले, "मार्चमध्येच मी तुला चावी द्यायला हवी होती. मीही न बघताच सही केली." मी इतके महिने त्यांच्याबद्दल या वहीत काय काय लिहिलंय ते त्यांना न कळलेलं बरं. टेप लावली, वाचली. तरी सतरा मेची फाइल आम्ही उघडली नाही. ठरवलं, सगळ्यांसमोर उघडायची.

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. त्यात बहात्तर नसलं तर?

१६ ऑगस्ट, शनिवार

पत्रक सावे वकिलांच्या हातात, स्क्रीन माझ्यासमोर. ते वेळ आणि पत्रकातला आकडा म्हणायचे, मी संगणकातला वाचायचा.

"तीन. बहात्तर."

"बहात्तर."

"साडेतीन. बहात्तर."

"एकाहत्तर पूर्णांक नऊ."

"चार. बहात्तर."

"बहात्तर."

नऊपर्यंत असंच. सहा तासांत काटा अर्ध्या अंशानेही हलला नव्हता. निमेशभाईंनी खुर्ची पुढे ओढली. म्हणाले, "असं कसं होईल? मशीन अटकली असेल."

मग मी थंड पाण्याच्या व्हॉल्व्हची नोंद उघडली. तो हाताने फिरवायचा असतो. तापमान वर जायला लागलं की थोडा उघडायचा, खाली जायला लागलं की थोडा बंद करायचा. बाकीचे ऑपरेटर सहा तासांत दहा-पंधरा वेळा फिरवतात, म्हणून त्यांचे आकडे वरखाली होतात. जिवल्यादादाने १७ मेला तो एकशे अठरा वेळा फिरवला होता. आकडा हलला नाही, कारण त्याने हलू दिला नव्हता. म्हणून त्याला खोटा ठरवलं!

मी ती संख्या मोठ्याने वाचली. मग दुसऱ्यांदा वाचली.

सावे वकिलांनी त्याला विचारलं, "तुम्हाला काही सांगायचंय?"

"मी मोजलं नव्हतं किती वेला ते," तो म्हणाला. मग म्हणाला, "अडतीस दिवस भायेर उभा केला मला."

सावे वकिलांनी तेही लिहून घेतलं.

२० ऑगस्ट, बुधवार

जिवल्यादादा सोमवारपासून कामावर आला. आरोप मागे. बॅच का बिघडली ते आता वेगळं शोधणार आहेत. माझ्या टेबलाजवळून गेला, थांबला नाही. बरोबरच आहे त्याचं. आभार कसले मानायचे माझे?

दुपारी निमेशभाईंनी मला बंद पाकीट दिलं. तपासणीची खोटी नोंद केल्याबद्दल लेखी ताकीद, "यापुढे काळजी घ्यावी." खाली नियमाचा क्रमांक. मी जिवल्यादादाचं आरोपपत्र चौकशीत पाहिलं होतं, क्रमांक तोच. अगदी तोच. इंद्रजीत सर हळूच म्हणाले, "सुटलीस. आता विषय संपव."

सुटलीस! ज्याने बघून लिहिलं त्याला निलंबन, रोज फाटकावर हजेरी, आरोपपत्र, चौकशी. जिने तीनदा न बघता लिहिलं तिला एक कागद आणि "काळजी घ्यावी." का? मी खुर्चीवर बसते म्हणून? मे महिन्यात माझा सत्कार झाला म्हणून? इतका संताप मला फेब्रुवारीतल्या सतरा फोनांनीही आला नव्हता. पाकीट टेबलावर आपटलं आणि तिथेच बसून अर्ज लिहिला: याच नियमाखाली दुसऱ्या कर्मचाऱ्यावर जी कारवाई झाली तीच माझ्यावर व्हावी, मलाही आरोपपत्र द्यावं, चौकशी नेमावी, आणि शुक्रवारचे फॉर्म गुरुवारी भरण्याची पद्धत त्या चौकशीत तपासावी. इंद्रजीत सरांनी वाचला. "वेडी झालीस का?" म्हणाले. मग पेन मागितलं आणि खाली लिहिलं, "माझ्या सहीचीही चौकशी व्हावी."

अर्ज घेऊन आवक-जावकच्या टेबलाशी गेले. तिथे मेघाली असते. तिने तो उलटसुलट करून बघितला आणि रजिस्टर उघडलं.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"दीपिका मेहेर."

"आणि तक्रारदार?"

"दीपिका मेहेर."

ती हसायला लागली. माझ्या तोंडाकडे बघून थांबली.

"मॅडम, खरंच लिहू?"

"लिही," मी म्हटलं. "आणि मला वाचून दाखव."